जास्तीचा वेढा

१

सोमवारी आमचं दुकान दुपारी उघडतं. सकाळी मी डोंगरावर जातो.

शनिवार-रविवारी माणसं वर चढतात आणि काही ना काही विसरून येतात. टोपी, पाण्याची बाटली, चष्मा, एकाच हाताचा हातमोजा, एकदा तर वरच्या दातांची कवळी. पायवाटेवर पद्धत अशी, की ज्याला वस्तू दिसेल त्याने ती जवळच्या उंच दगडावर ठेवायची. सोमवारी मी खिंडीपर्यंत जातो, दगडादगडावरून वस्तू गोळा करतो आणि खाली आणून दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना टांगतो. ज्याची असेल तो येऊन नेतो. पायथ्याच्या चौकीतल्या गार्डकाकांना या कामाची भारी गंमत वाटते. हरवणाऱ्या बुटांत उजव्या पायाचेच जास्त का, वर जाऊन लोक लंगडी खेळतात की काय, असं ते मला दर आठवड्याला विचारतात. मी दर आठवड्याला हसतो. 

दुकान बूट आणि सॅक दुरुस्तीचं आहे. एकच खोली, तिला कमरेएवढं अर्धं दार. आत दादाची गादी आणि तिच्यासमोर माझं स्टूल. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्या स्टुलावर बसायचो. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तो तोंडाने काही शिकवायचा नाही. तो शिवायचा आणि मी बघायचो. मग मी शिवलेलं त्याच्या पुढ्यात ठेवायचं. चुकलं असेल तर तो बोटाने चूक दाखवायचा. बरोबर असेल तर एकच शब्द बोलायचा, "जमलं." तो शब्द ऐकल्याशिवाय स्टुलावरून उठायचं नाही, असा नियम होता. पहिल्या वर्षी मी कितीतरी जेवणं थंड करून खाल्ली.

दादा डावखुरा. त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर मशीनमध्ये गेलं होतं. त्यामुळे शेवटच्या टाक्याला दोरा नीट ओढला जायचा नाही, म्हणून तो गाठीभोवती एक जास्तीचा वेढा द्यायचा. मी बघून बघून शिकलो, तेव्हा तो वेढाही शिकलो. माझी दहाही बोटं शाबूत, तरी वेढा देतच होतो. एक दिवस दादाच्या ते लक्षात आलं आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "अरे, माझं तुटकं बोटपण शिकलास की."

पण ती सवय काही सुटली नाही.

सोमवारचं काम तेव्हा दादाकडे होतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी तो वर गेला आणि परत आला नाही. अकरा दिवस शोधाशोध झाली. सापडली ती फक्त त्याची हत्यारांची पिशवी. खिंडीतल्या सगळ्यात उंच दगडावर ती सरळ उभी ठेवलेली होती, पट्टा आत दुमडून. कुणाची तरी हरवलेली वस्तू कुणाला तरी सापडावी, तशी.

२

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. त्यांची करड्या रंगाची सॅक खिंडीजवळ राहिली होती. पट्टा मुळापासून तुटला, ओझं खांद्यावर राहीना, म्हणून आतलं सामान सोबत्यांत वाटून सॅक त्यांनी तिथेच सोडली. रिकामी आहे, मिळाली तर ठेवा, नाहीतर राहू दे, म्हणाल्या.

सोमवारी सॅक दगडावर होती. मी ती पाठीवर अडकवून निघालो आणि दहा-बारा पावलं चालल्यावर थांबलो. पट्टा तुटलेला असता तर ती पाठीवर राहिलीच नसती.

पट्टा शिवलेला होता. टाके मोठे आणि ओबडधोबड, एक इकडे तर एक तिकडे. दोरा आमच्याकडच्यासारखा मेण लावलेला नव्हता. कुठल्यातरी कापडातून उसवून काढल्यासारखा निळा, वळ्या पडलेला. आणि शेवटच्या टाक्याला, गाठीभोवती, एक जास्तीचा वेढा होता.

मी तिथेच बसलो. ऊन चांगलं होतं. खाली चौकीचा पत्रा चमकताना दिसत होता. दादा गेला त्या दिवशी त्याच्या अंगात निळं जाकीट होतं.

बुधवारी शिक्षिकाबाई सॅक न्यायला आल्या. पट्टा ओढून पाहिला आणि दुरुस्तीचे किती द्यायचे विचारलं. मी काही नको म्हणालो. त्यांना वाटलं मी लाजतोय. लाजतच होतो, पण तेवढंच नव्हतं.

३

वहिनी दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. सकाळी तिची पावलं लोखंडी जिन्यावर वाजली की मी शेगडीवर चहा ठेवतो. दोघं चहा पितो आणि ती लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला जाते. आमच्यात फारसं बोलणं नसतं. दादा होता तेव्हा तोच दोघांच्या वाटचं बोलायचा.

त्या आठवड्यात तिने सांगितलं, की तिच्या बहिणीच्या गावी इस्पितळाच्या धुलाई विभागात जागा निघाली आहे. पगार बरा, राहायला खोली. पुढच्या महिनाअखेर कळवायचं आहे. बहीण म्हणते, दोन वर्षं कमी नाहीत. शेजारची म्हणते, नवरा परत आला आणि घराला कुलूप दिसलं तर? वहिनी हे सगळं कपाकडे बघत सांगत होती. मग तिने मान वर केली.

"भाऊजी, तुम्ही दर आठवड्याला वर जाता. तुम्हाला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुणाला नाही. थांब म्हणालात तर थांबेन. जा म्हणालात तर जाईन. पण मनापासून सांगा."

मी महिनाअखेरपर्यंत वेळ मागितला. सॅकचं तिला सांगितलं नाही. खात्री झाल्याशिवाय माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हेही दादाचंच.

४

पुढच्या सोमवारी मी खिंडीत एक फाटका बूट ठेवून आलो. सोबत दाभण आणि काळ्या दोऱ्याचं रीळ. मनातल्या मनात हजार वेळा स्वतःला वेडा म्हणालो, पण ठेवला.

त्याच्या पुढच्या सोमवारी बूट शिवलेला मिळाला. दाभण आणि रीळ तसंच होतं, कुणी हात लावलेला नव्हता. दोरा पुन्हा निळाच होता. टाके आधीपेक्षा सरळ होते. आणि बूट खिंडीत नव्हता. खिंडीच्या खालच्या वळणावर, मोडक्या झाडाशेजारच्या दगडावर होता.

तिसऱ्या वेळी मी उसवलेली टोपी ठेवली. ती त्याहून खाली मिळाली. चौथ्या वेळी पाण्याच्या बाटलीचं कव्हर. ते पायवाटेच्या अर्ध्यावर. प्रत्येक वेळी काम सुधारत होतं आणि प्रत्येक वेळी गाठीभोवती तो वेढा होता.

खरं सांगायचं तर ते दिवस सुखाचे होते. मी दुकानात गुणगुणायला लागलो. गार्डकाका म्हणाले, याचं कुठेतरी जमलेलं दिसतंय. वहिनीनेही माझ्याकडे एक-दोनदा निरखून पाहिलं. दादा जिवंत आहे, काही कारणाने माणसांत येत नाही, पण थोडा थोडा खाली येतोय, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. महिनाअखेरला आठ दिवस होते. वहिनीला सांगायचं वाक्यही मी तयार करून ठेवलं होतं.

फक्त एक गोष्ट खुपत होती. दादाला शिवणकाम येत होतं. मग सुरुवातीचे टाके इतके वेडेवाकडे का? थंडीने बोटं बधिर झाली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मग आता थंडी असूनही ती बरी कशी झाली?

मी दादाची हत्यारांची पिशवी फळीवरून काढली. तिचा पट्टा त्याने स्वतः शिवलेला. ती बाटलीच्या कव्हराशेजारी ठेवली आणि दारातल्या उजेडात बघितलं.

दादाचा वेढा गाठीच्या डावीकडे होता. कव्हरावरचा उजवीकडे.

मी शिकताना शिवलेले माझे जुने नमुनेही फळीवरून काढले. एकूण एक उजवीकडे. मी दादाच्या समोर बसून शिकलो होतो. आरशात बघून शिकावं तसं. त्याचं डावं ते माझं उजवं झालं होतं.

म्हणजे हे काम दादाचं नव्हतं. माझं होतं. मीच हे करत असेन आणि मला आठवत नसेल, असाही विचार आला. मी बराच वेळ शांतपणे त्याचा विचार केला. खिंड जाऊन-येऊन चार तासांची, आणि सोमवारची चाल गुरुवारपर्यंत माझ्या गुडघ्यांतून निघत नाही. आणखी एकदा गेलो असतो तर पायांनी मला सांगितलं असतं. शिवाय निळा दोरा माझ्या दुकानात नाही.

मग लक्षात आलं. दोन वर्षं मी शिवलेले बूट लोकांच्या पायांत त्या डोंगरावर जात होते. त्यातले काही हरवत होते. कुणीतरी ते हातात घेऊन, उलटसुलट करून, माझ्यासारखंच बघून बघून शिकत होतं. तुटक्या बोटासकट.

५

पुढच्या सोमवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण भिंतीवरचे खिळे रिकामे होते, आणि रविवारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चष्मा वर राहिला होता. त्याशिवाय त्यांना वाचता येत नव्हतं. त्यामुळे गेलो.

चष्मा खालच्या वळणावरच मिळाला. त्याच्या जरा वरच्या दगडावर एक बूट होता. मी ठेवलेला नव्हता. डाव्या पायाचा, जुना, पुढे चोच उघडलेली असावी आणि आता नीट शिवलेली. इतकं सुबक काम मला स्वतःला दोन वर्षं आधी जमलं नसतं. मी तो हातात घेतला, अंगठ्याने टाके चाचपले, आणि तोंडातून निघून गेलं.

"वेढा उजवीकडे आलाय. दादाचा डावीकडे असायचा."

मी हे कुणाला उद्देशून बोललो नव्हतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला चुकलेला टाका दिसला की बोलल्याशिवाय राहवत नाही. समोर माणूस आहे की नाही हे बघण्याआधीच जीभ हलते.

वारा पडलेला होता. दगडाच्या पलीकडून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, एक बारीक आवाज आला. दोरा दातांनी तोडताना होतो तो. मी रोज पन्नास वेळा तो आवाज करतो, ओळखायला चूक होणार नाही.

मी दगडाच्या पलीकडे बघितलं नाही. बूट होता तसा ठेवला, चष्मा खिशात घातला आणि खाली आलो. धावलो नाही. चौकीपाशी गार्डकाका म्हणाले, आज रिकाम्या हातानं? मी खिशातला चष्मा काढून दाखवला.  त्यांनी मला बाकावर बसायला जागा करून दिली.

६

त्याच संध्याकाळी मी वहिनीला जा म्हणालो. कारण विचारलं तर काय सांगायचं ते तयार नव्हतं, पण तिने विचारलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मग म्हणाली, उद्या कळवते.

जायच्या दिवशी दुपारी ती बॅग घेऊन दुकानात आली. बॅगेची मूठ एका बाजूने सुटली होती. एसटीला तासभर होता. मी दादाच्या गादीवर बसून मूठ शिवायला घेतली आणि ती माझ्या स्टुलावर बसली. बहिणीच्या गावचं पाणी कसं, इस्पितळाची यंत्रं किती मोठी, असं बरंच काही सांगत होती. एवढं बोलताना मी तिला दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मलाही बरं वाटत होतं.

अर्ध्या दारावर एक हात येऊन टेकला.

गिऱ्हाइकं असाच हात टेकतात. म्हणून मी दोरा ओढता ओढता "एक मिनिट" म्हणालो. मग बघितलं. हात कोपरापर्यंतच दिसत होता, बाकीचा माणूस भिंतीच्या आड होता. हाताला निळी बाही होती. बाहीचा काठ उसवलेला, आणि वरपर्यंत तिच्यातून एक सोडून एक धागा काढून घेतलेला, त्यामुळे ती जाळीसारखी दिसत होती. बोटं लाकडावर सरळ ठेवलेली होती. नखं स्वच्छ होती. पहिल्या बोटाला शेवटचं पेर नव्हतं.

वहिनी बोलायची थांबली.

तिला काय दिसलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती उठली नाही. एवढंच झालं की तिची पाठ ताठ झाली, आणि दोन वर्षांत जे तिने कुणाला दाखवलं नव्हतं ते सगळं तोंडावर आलं. मग तिच्या कपाळाला बारीक आठी पडली.

तो उजवा हात होता.

मला ते तिच्याआधी दिसलं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. मी ओठ इतके घट्ट मिटले की दातात धरलेलं दोऱ्याचं टोक ओठाला कापून गेलं. वहिनीला खुणावायला हवं होतं, पण माझ्या एका हातात दाभण आणि दुसऱ्यात बॅग होती. मी मान हलवली. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"ह्यांचं तर डाव्या हाताचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग बोटं एकेक करून उचलली गेली आणि तो मागे गेला. घाईने गेला नाही. चूक दाखवल्यावर शिकणारा माणूस काम परत उचलून नेतो, तसा गेला.

बाहेर रस्त्यावर दोन सायकली गेल्या. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. दुकानाच्या कोपऱ्याशी जाऊन मी बघितलं तर डोंगराकडच्या वाटेवर ऊन होतं आणि कुणीच नव्हतं.

आत आलो तेव्हा वहिनी बॅगेवर हात ठेवून बसली होती. तिने विचारलं, शिवून झालं का. शेवटची गाठ राहिली होती. मी ती मारली आणि हाताने सवयीने वेढा दिला. मग तो उसवला आणि साधी गाठ मारली. आयुष्यात पहिल्यांदा. बरी दिसत नव्हती, पण टिकणार होती.

स्टँडवर गर्दी नव्हती. एसटी लागल्यावर वहिनी पायरीवर चढली आणि वळली.

"ते नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते."

तिने मान हलवली. पुढच्या खिडकीतून तिने हात केला. रडत होती, पण जिन्याच्या पायरीवर बसली होती त्या दिवशीपेक्षा तिचा चेहरा मोकळा होता. एवढं मी तिच्यासाठी करू शकलो, असं मला वाटतं.

७

यानंतरचे दोन सोमवार वर काही मिळालं नाही. माणसांनी हरवलेलंच मिळालं, एवढंच म्हणायचं आहे. टोपी, बाटली, छत्री. मी आता वेढा देत नाही. गाठही दर वेळी वेगळी मारतो, टाके कधी लांब कधी आखूड घालतो. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, तुझा हात बिघडला रे. बिघडलाय म्हणालो.

वहिनीचा फोन आला होता. काम जमतंय, यंत्रांचा आवाज फार आहे, जेवण वेळेवर होतं का तुमचं, असं विचारत होती. दुकानाचं तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आज तिसरा सोमवार. डोंगरावरून उतरलो, दुकानाचं अर्धं दार उघडलं, आणि माझ्या स्टुलावर एक हातमोजा होता.

डाव्या हाताचा. पहिल्या बोटाचं टोक आत दुमडून शिवून बंद केलेलं, दादा हिवाळ्यात करायचा तसं. निळा दोरा. मी तो उजेडात धरून पुष्कळ वेळ बघितला. टाके एकसारखे. गाठ घट्ट. वेढा डावीकडे. दादाच्या पिशवीशेजारी ठेवून बघितला. मग पिशवीची बाजू बदलून पुन्हा बघितला. मला कुठेतरी चूक सापडायला हवी होती. सापडली नाही.

आता साडेतीन वाजलेत. मी गादीवर बसलो आहे. हातमोजा माझ्या पुढ्यात आहे. अर्ध्या दाराच्या खाली, लाकडाला अगदी लागून, बाहेर कुणीतरी बसलं आहे. दाराच्या फटीतला उजेड अडला आहे. हालचाल नाही. श्वाससुद्धा ऐकू येत नाही. पण मी ते बसणं ओळखतो. काम पुढ्यात ठेवून झालेलं असतं, जेवण थंड होत असतं, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नसतो. पाच वर्षं मी तसाच बसत होतो.

दादा गेल्यापासून मलाही तो शब्द कुणी म्हटलेला नाही. तो म्हटला की उठायचं, एवढं मला माहीत आहे. उठून आत यायचं की काय, ते माहीत नाही. दादाची आठवण इतकी येते, की शब्द दोनदा ओठांपर्यंत आला.

काम चोख आहे. मी काही बोलत नाही.